बिनतंबोऱ्याचा सूर

दोन ड्रमवादक एकाच वेळी वाजवताहेत, आणि दोघांपैकी एकही ठेका धरायला तयार नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी याव्यात तशी त्यांची दाटी. खाली एक जाड, समजूतदार बास. वर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून एक धून अगदी संथपणे ओढत नेताहेत, आणि त्या धुनेच्या अंगाला अंग लावून एका बाईचा आवाज चालला आहे. खालच्या सगळ्या धावपळीशी जणू त्याचं काही देणंघेणंच नाही.

गाण्याचं नाव ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. रचना आणि शब्द ऑर्नेट कोलमन यांचे, आवाज आशा पुथली यांचा. जगण्याला कारण काय सांगू, असं गाणं विचारतं, आणि प्रेमाखेरीज दुसरं उत्तर त्याच्यापाशी नाही. पुरतं सव्वातीन मिनिटांचंही नाही.

पहिल्यांदा ऐकलं ते नाशिकच्या घरी, डिसेंबरातल्या एका रात्री, खिडक्या लावून. शास्त्रीय गाणं शिकलेल्या माणसाचा हात सवयीने जिथे जातो तिथेच माझाही गेला. मोबाइलवर तानपुरा लावला आणि या आवाजाचा षड्ज शोधू लागले. पांढरी चार लावून पाहिली, काळी चार, मग काळी तीन. दर वेळी तेच व्हायचं. एखादी ओळ त्या षड्जावर निवांत बसायची, दुसरी जरा अंग चोरून बसायची आणि तिसरी सरळ उठून दारातून बाहेर जायची. शेवटी तानपुरा बंद केला. या गाण्याला घरचा असा सा नाही. बसायला जागा नाही, टेकायला भिंत नाही. तरीही एकही सूर डगमगत नाही, कुठे कणसूर लागत नाही. षड्जच नाही तर मग सुरेल आहे हे माझ्या कानाने ठरवलं तरी कशावरून? त्या रात्री हा प्रश्न मनात शिरला तो अजून गेलेला नाही.

आशा पुथली यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४५ रोजी मुंबईत झाला. घर सारस्वतांचं, कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या नात्यातलं. तालीम मिळाली ती पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्यासारख्या बंदिशकार गवयाकडे. पाश्चात्त्य गळ्याचंही शिक्षण झालं, नृत्यही शिकल्या. हॉटेलांत आणि क्लबांत जॅझ वाजत होतं ती मुंबई त्यांच्या वाट्याला आली. त्या मुंबईचा इतिहास तोवर बराच जुना झाला होता. लिऑन ॲबी आपला ताफा घेऊन १९३५ मध्येच ताजमहाल हॉटेलात येऊन गेले होते. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये आले, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आणि लुई आर्मस्ट्राँग त्याच्या पुढच्या वर्षी.

मराठी घरांत मात्र जॅझ आलं ते वेगळ्या दारानं. नाशिकहून गोदावरी खाली वाहत जाते, तिच्याच काठावर पुणतांबे आहे. रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, तिथे जन्मले. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये गोव्यातल्या हळदोण्याचे चिक चॉकलेट आपला ट्रम्पेट आणि ताफा घेऊन थेट पडद्यावर दिसतात. आमच्या आईवडिलांची पिढी त्यावर डोलली. पण त्या गाण्यांत जॅझची भूमिका साथीची होती. ताल, रंग, मधल्या जागा त्याच्या. गायकाचा गळा आपल्या सुगम चालीतच राहायचा. आशा पुथलींनी उलटं केलं. साथ तिकडची नव्हे, मैफलच तिकडची, आणि तालमीचा गळा घेऊन त्या तिच्या मधोमध जाऊन बसल्या.

तिथे पोचण्याची त्यांची वाट सरळ नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या ‘सॅव्हेजेस’ या बँडबरोबर त्यांनी ‘एंजल ऑफ द मॉर्निंग’ ध्वनिमुद्रित केलं. काही काळ हवाईसुंदरी म्हणून काम केलं. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्क गाठलं. वेद मेहता यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या १९७० च्या पुस्तकात मुंबईच्या जॅझवर लिहिताना त्यांचीही भेट होते. पुढे कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन ही ज्यांनी हेरलेली माणसं, तेच हे हॅमंड. त्यांच्यामार्फत आशा पुथली ऑर्नेट कोलमन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

इथे ऑर्नेटबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर या गाण्यातली खरी अडचण काय आहे ते कळणार नाही. ऑर्नेट टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्यांची चौकडी वाजवू लागली आणि जाणकारांत दोन तट पडले. त्या चौकडीत पियानो नव्हता. जॅझमध्ये पियानो काय करतो? कॉर्डची शिडी उभी करतो. गायक किंवा वादक कितीही वर गेला तरी कोणत्या पायरीवर आहोत हे त्याला शिडीवरून कळत राहतं. ऑर्नेटनी ती शिडीच काढून घेतली. त्यांचं म्हणणं असं होतं की धून, स्वरमेळ आणि लय या तिघी सारख्याच तोलाच्या. कुणी कुणाची दासी नव्हे. धून आपल्याला वाटेल तिकडे जाईल आणि बाकीचे तिचं ऐकत ऐकत बरोबर येतील. या विचाराला त्यांनी ‘हार्मोलोडिक्स’ असं नाव दिलं.

यामागे एक अगदी साधी गोष्ट आहे. ऑल्टो सॅक्सोफोनवर कागदावरचा सी वाजवला की पियानोच्या हिशेबात ऐकू येतो तो ई फ्लॅट. एकच लिहिलेला स्वर प्रत्येक वाद्यात वेगळा होऊन निघतो. जॅझवाले हा फरक गणित करून भरून काढतात. ऑर्नेटना त्या फरकातच संगीत दिसलं. आपल्याकडे वर्गात बसलेल्याला यात फारसं नवल वाटणार नाही. मुलांची पट्टी काळी एक, मुलींची काळी चार, आणि बंदीश तीच. ‘सा’ ही एक ठरलेली किल्ली नसते, ती ज्याची त्याची जागा असते, हे आपण तंबोरा लावायला शिकतो त्याच दिवशी शिकतो.

म्हणून अशा रचनेसाठी गायिका मिळणं कठीण. शिडीवर चढायला शिकलेला गळा शिडी काढली की चाचपडू लागतो. इथे असा गळा हवा होता की ज्याने स्वर एकटा, उघडा, कुणाच्या आधाराशिवाय लावण्याचा रियाज वर्षानुवर्षं केलेला आहे. सकाळी उठून खर्ज भरायचा, मग एकेक स्वर घ्यायचा, त्यावर थांबायचं, तो स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. हीच कंटाळवाणी गोष्ट सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कामी आली.

आता गाण्याकडे परत जाऊ. आवाज लागतो तो थेट. स्वर खालून चाचपत, घासत वर आलेला नाही. जिथे हवा तिथेच अचूक ठेवलेला. कंप असलाच तर शेवटी, सोडताना. बिली हॉलिडे किंवा सारा व्हॉन ऐकलेल्या कानाला इथे प्रथम थोडी रुक्षता वाटेल, कारण ओळखीचे अलंकार नाहीत, ब्लूजचा तो हळवा उतार नाही. आणि मला तर मुरकी, खटका, हरकत यांची सवय. तीही इथे नाहीत. ठुमरीच्या प्रांतात हात असलेल्या गुरूंची शिष्या, सव्वीस वर्षांचं वय, पुढ्यात अमेरिकेतले एवढे मोठे वादक. आपली पोतडी उघडून दाखवण्याचा मोह किती झाला असेल! एकही दागिना बाहेर काढलेला नाही. या संयमाने मी त्या रात्री पहिल्यांदा जिंकले गेले.

मग धून उड्या घ्यायला लागते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधले चारपाच स्वर ओलांडून पलीकडे उतरायचं आहे, आणि उतरायची जागा आपल्या अपेक्षेपेक्षा थोडी बाजूला आहे. तिथे पायरी नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून छातीत धस्स होतं. आवाज मात्र शांतपणे उतरतो आणि तिथे थांबतो. थांबतो हे महत्त्वाचं. पुढच्या जागेची घाई नाही. आपल्याकडे ‘स्वराचा लगाव’ म्हणतात तो हाच. स्वर कुठे लावला हे तर झालंच, पण कसा लावला, किती वजनाने, किती उजेडात. ट्रम्पेट त्याच स्वराला लागून वाजतं, कधी किंचित वर, कधी किंचित मागे, आणि त्या दोघांच्या मधे एक बारीकशी फट राहते. ऑर्नेटच्या संगीताचा सगळा प्राण मला त्या फटीत दिसतो. पियानो असता तर ती केव्हाच बुजली असती.

ज्यांच्यात हा आवाज उभा आहे त्यांची नावं सांगायलाच हवीत. ऑल्टोवर स्वतः ऑर्नेट, टेनरवर ड्यूई रेडमन, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल. ट्रम्पेटवर कार्माइन फोर्नारोटो आणि जेरार्ड श्वार्झ. हे श्वार्झ पुढे सिॲटल सिंफनीचे संचालक झाले. या सगळ्यांत लय कुणाकडे आहे? ड्रम धावताहेत, धून चालते आहे, बास दोघांच्या मधून जातो आहे. तालाच्या अर्थाने सम नाहीच. पण दर ओळीच्या शेवटी सगळे एकाच वेळी हलके होतात. ते कसं घडतं हे मला कितीतरी दिवस सापडत नव्हतं.

शोधून दिलं ते आमच्या गाण्याच्या बाईंनी. पंचवटीत राहतात, वयाची ऐंशी गाठली आहे, अजूनही सकाळी तीन मुलींना शिकवतात. मला विशारदपर्यंत त्यांनीच आणलं. जॅझ हा शब्द त्यांच्या घरात मी पहिल्यांदा उच्चारला असेन. एका रविवारी त्यांच्या जुन्या वाड्याच्या माडीवर मी फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि काही न सांगता गाणं लावलं. बाईंनी प्रथम गुडघ्यावर बोटं ठेवली, मात्रा धरायला. दहाबारा सेकंद धरल्या, मग बोटं थांबली. हात तसाच गुडघ्यावर. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या गाणाऱ्या बाईबरोबर श्वास घेत होत्या. तोंड किंचित उघडं, ओळ संपली की बारीक श्वास, पुढची ओळ.

गाणं संपल्यावर म्हणाल्या, “हिला कुणीतरी बसवून शिकवलंय गं.”

मी म्हटलं, “मुंबईच्या आहेत. लक्ष्मणप्रसादजींच्या शिष्या.”

“तरीच. सूर सोडताना घाबरत नाही. आपल्या मुली लावताना नीट लावतात आणि सोडताना टाकून देतात.” मग थोडं थांबून, “पण तंबोरा कुठाय?”

“नाहीच, बाई.”

“नाही? मग ती कशाला धरून गातेय?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बाईच म्हणाल्या, “परत लाव.” आणि दुसऱ्या खेपेला मीही त्यांच्यासारखा श्वास धरून ऐकलं. तेव्हा कळलं. वादक तिच्या श्वासाला बांधलेले आहेत. ओळीची लांबी घड्याळाने ठरत नाही, छातीने ठरते. जितका दम, तितकी ओळ. ती श्वास घेते तिथे हेडनचा बास वळण घेतो आणि ट्रम्पेट खाली येतं. रागाचा आलाप करताना तबला नसतो, तरी चांगल्या गवयाच्या आलापात मोजता येणार नाही अशी एक चाल असते, तशी चाल इथे आहे. फरक इतकाच की आपल्या आलापात मागे शांतता असते आणि इथे दोन ड्रमांचं वादळ. वादळात उभं राहून आलाप करायला किती धीर लागत असेल!

हे गाणं ज्या तबकडीत आहे तिचं नाव ‘सायन्स फिक्शन’. फेब्रुवारी १९७२ मध्ये ती बाहेर आली. आठ रचना, त्यांपैकी आशा पुथलींच्या वाट्याला दोनच, पहिली आणि सहावी. दोन्ही मिळून सात मिनिटांच्या आसपास. मधे वादकांचं जबरदस्त वादन आहे, एका रचनेत कवी डेव्हिड हेंडरसन यांचं पठण आणि चक्क एका तान्ह्या बाळाचं रडणं आहे. त्या सगळ्या कल्लोळातून सहाव्या जागी ‘ऑल माय लाइफ’ येतं आणि तोच आवाज पुन्हा भेटतो.

हे दुसरं गाणं मला जास्त जवळचं. पहिल्यात धीर आहे, यात माया आहे. आवाज थोडा मऊ झाला आहे, ओळींच्या टोकाला मींडेची नुसती चाहूल लागते. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना दार पूर्ण लावलेलं नाही, जरा किलकिलं ठेवलेलं. मधे ऑर्नेटचा ऑल्टो बोलू लागतो, आणि मग नवल घडतं. सॅक्सोफोन बाईच्या आवाजासारखा वाटू लागतो. तोच खुलेपणा, तोच ओलावा, ओळ संपताना स्वर हवेत सोडून देण्याची तीच रीत. ऑर्नेटचं वाजवणं माणसाच्या बोलण्या-रडण्याच्या अगदी जवळचं आहे असं त्यांचे चाहते पहिल्यापासून सांगत आले. पण इथे खरा माणसाचा आवाज शेजारी असल्यामुळे ते पडताळून पाहता येतं. आपल्याकडे सारंगी गळ्याच्या मागे सावलीसारखी जाते. इथे सावली कोण आणि देह कोण हे दोन-तीनदा ऐकूनही मला ठरवता आलं नाही.

या सात मिनिटांनी त्यांचं नाव जॅझच्या जगात गेलं. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात त्यांना मान मिळाला. कुणालाही वाटेल की आता या वाटेवर त्या पुढे जातील, ऑर्नेटबरोबर आणखी तबकड्या होतील. तसं झालं नाही. मला याची हळहळ आहे, आणि ती मी लपवत नाही.

त्या लंडनला गेल्या. १९७३ मध्ये सीबीएसने त्यांच्या नावाची तबकडी काढली. निर्माते डेल न्यूमन. एल्टन जॉन यांच्या ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’साठी तंतुवाद्यांची मांडणी करणारे तेच. या तबकडीतलं जे. जे. केल यांचं ‘राइट डाउन हिअर’ ऐकावं. ठेका पक्का, बासची चाल ठसठशीत, आणि आवाज मात्र जमिनीपासून वीतभर वर तरंगतो. १९७५ ची ‘शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक’ मला फारशी धरून ठेवत नाही. तिच्यात मांडणी खूप आहे आणि गळ्याला मोकळीक कमी.

मग १९७६. ‘द डेव्हिल इज लूज’ ही तबकडी, आणि तिच्यातलं ‘स्पेस टॉक’. डिस्कोच्या सुरुवातीचे दिवस. न्यूयॉर्कला डेव्हिड मँक्युसो यांच्या ‘लॉफ्ट’मधल्या नाचाच्या रात्रींत हे गाणं गाजलं, आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या तबकडीत त्याचा तुकडा वापरला गेला. जॅझच्या जाणकारांना हे उतरणं वाटेल. मलाही आधी तसंच वाटत होतं. ऑर्नेटच्या वादळातून निघून नाचघराच्या पक्क्या ठेक्यावर येणं म्हणजे माघारच ना?

नीट ऐकल्यावर मत थोडं बदललं. ‘स्पेस टॉक’मध्ये आवाज जवळजवळ कुजबुजतो. कुजबुजताना सूर पकडून ठेवणं किती अवघड असतं हे गाणाऱ्यालाच विचारा. आवाजात जोर असला की तो स्वराला ओढून धरतो. जोर काढला, नुसता श्वास उरला की स्वर वाळूसारखा बोटांतून निसटतो. इथे तो निसटत नाही. हवाच जास्त, तरी मधे स्वराचा बारीक तंतू शाबूत. ऑर्नेटकडे असताना खालचा आधार नव्हता, इथे आवाजाचा स्वतःचा आधारही त्यांनी सोडला आहे. लगाव तोच, वजन तेवढं बदललं. तरीही या दोहोंत निवड करायची तर मी ती सात मिनिटंच घेईन. नाचघरात पुढची मात्रा कुठे पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. १९७१ च्या त्या स्टुडिओत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात त्या २०२४ मध्ये गायल्या, एकोणऐंशीव्या वर्षी. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “खालचे सूर लागतात का अजून?” त्यांच्या लेखी म्हातारपणी गळ्याची परीक्षा वरच्या षड्जावर नसते, खर्जात असते.

नंतरच्या आठवड्यात मी पुन्हा माडीवर गेले तेव्हा सकाळची शिकवणी चालू होती. सहावी-सातवीतली एक मुलगी भूप म्हणत होती. शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा गुणगुणत होता. गंधारावर आली तशी बाईंनी हात वर करून तिला तिथेच थांबवलं, वाकून तानपुऱ्याचं बटण बंद केलं. खोली एकदम उघडी पडली. खालून रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज आला, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मुलीने घाबरून बाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” बाई म्हणाल्या. “गंधार धर. सोडू नकोस.”